एक पोट, चार वाद्यं

वासुदेव दारात आला की पोरांचं लक्ष त्याच्या मोरपिसांच्या टोपीकडे जातं आणि मोठ्यांचं त्याच्या झोळीकडे. हातापायांकडे सहसा कुणी बघत नाही, आणि खरा कारभार तर तिथेच चाललेला असतो. एका हातात चिपळ्या, दुसऱ्यात पितळी टाळ, पायांत चाळ, कमरेच्या शेल्यात खोवलेला पावा आणि या सगळ्यावर चढलेला त्याचा गळा. गिरकी घेताना अंगरख्याचा घोळ फिरतो, पाऊल पडतं, चाळ वाजतात, पण गाण्याची ओळ कुठे तुटत नाही. सभागृहातल्या कार्यक्रमाला एवढ्या आवाजांसाठी चार माणसं आणि मानधनाची चार पाकिटं लागली असती. इथे सगळा ताफा एकाच्याच अंगावर असतो.

हा प्रकार नीट समजून घ्यायचा तर जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके फार सोयीचे आहेत. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथे मोठ्या फडांत शंभराच्या आसपास माणसं असतात आणि ढोलकीवाल्याला हलगी वाजवायला सांगितलेलं चालत नाही. त्याच परिसरात, ओतूर-आळ्यापासून घोडेगाव-मंचरपर्यंत, सुगी झाली की वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाला यांच्या एकेकट्या फेऱ्या होत आल्या आहेत. या दोहोंच्या मधोमध बसतं खंडोबाचं जागरण. त्यात चार-पाच माणसं असतात आणि त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक जण गाऊन वाजवणारा असतो. थोड्या अंतरात तिन्ही तऱ्हा दिसतात, आणि एका माणसाच्या वाट्याला किती वाद्यं येतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं निघतं. माझ्या मते हा आकडा कलावंताच्या तयारीवर थोडाफार अवलंबून असतो. मुख्यतः तो ठरतो पैसे कोण देतंय आणि ते किती जणांत वाटायचे आहेत यावर.

आधी शरीराचा हिशेब बघू.

वाजवायला माणसाकडे दोन हात, दोन पाय आणि एक तोंड. वासुदेवाचं तोंड गाण्याला दिलेलं आहे, कारण दान गाण्यावर मिळतं. त्यामुळे फुंकून वाजवायचं वाद्य गाण्याच्या जोडीला घेता येत नाही. त्यात बासरीला दोन्ही हातांची बोटं लागतात, म्हणजे पावा ओठाला लावला की चिपळ्या आणि टाळ दोन्ही गप्प होणार. म्हणूनच पावा बहुतेक वेळ शेल्यात खोवलेला राहतो. गाणं संपतं, दान झोळीत पडतं, वासुदेव देवदैवतांची नावं घेऊन ते त्यांना पावल्याचं सांगतो, आणि झालाच तर तेव्हा पाव्याला वाव मिळतो. अंगावर चार वाद्यं असली तरी एका वेळी वाजतात ती तीनच. चौथं राखीव.

हीच अडचण युरोपातल्या रस्त्यावरच्या वादकांनी दुसऱ्या बाजूने सोडवली. तेराव्या शतकापासून तिकडच्या चित्रांत एक माणूस दिसतो. त्याच्या डाव्या हातात लहानशी शिटीवजा बासरी असते, त्याच हाताला एक छोटा ढोल अडकवलेला असतो, आणि उजव्या हातात तो बडवायची काठी. बासरीला भोकं तीनच, दोन वर आणि एक अंगठ्याखाली. एका हाताला एवढीच झेपतात. तीन भोकांत पूर्ण सप्तक कसं बसतं? फुंकेचा जोर वाढवला की तीच नळी वरचे स्वर देऊ लागते आणि त्या स्वरांमधली रिकामी जागा भरायला तीन भोकं पुरतात. फ्रान्सच्या दक्षिणेत आणि स्पेनच्या बास्क भागात ही जोडी आजही नाचाला वाजते. त्या वादकाला मात्र गाता येत नाही. त्याने तोंड सुरावटीला दिलं, आपल्या वासुदेवाने शब्दांना. गावकऱ्यांना नाचवायचं असेल तर पहिली वाटणी बरोबर. दारातल्या बाईला कृष्णाची गोष्ट ऐकवायची असेल तर दुसरी.

आता हातांकडे येऊ. चिपळ्या म्हणजे लाकडाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे. एकाच्या कडीत अंगठा जातो, दुसऱ्याच्या कडीत बोटं. लाकडात खाचा पाडून पितळेच्या बारीक चकत्या बसवलेल्या असतात. मूठ मिटली की लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा ठोका मिळतो आणि त्याच क्षणी चकत्यांचा छनकार. एका हाताच्या एका हालचालीत दोन आवाज, तेही वेगवेगळ्या जातीचे. मूठ न मिटता नुसता हात हलवला तर फक्त चकत्या वाजतात. टाळ एरवी दोन हातांचं काम. भजनात बसलेला टाळकरी दोन्ही वाट्या दोन हातांत धरतो. एकट्या फिरणाऱ्याला ती चैन परवडत नाही. दोन्ही वाट्या एकाच हातात घेऊन अंगठ्याने आणि बोटांनी त्या एकमेकींवर पाडाव्या लागतात. आवाज थोडा आखूड होतो, पण दुसरा हात सुटतो.

इथे एक नियम हाती लागतो. एका अंगावर जी वाद्यं एकत्र नांदतात ती अशी, की प्रत्येकाला एकाच सांध्याची एकच हालचाल पुरते. बोटांनी पडदे शोधायचे, दुसऱ्या हाताने तार दाबायची, अशी मागणी करणारं वाद्य या जथ्यात टिकत नाही.

का टिकत नाही, याचा प्रयोग वाचकाला बसल्या जागी करता येईल. दोन्ही हातांच्या तर्जन्या समोर धरा आणि आळीपाळीने हलवा, म्हणजे एक डावीकडे झुकलेली असताना दुसरीही डावीकडे, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखी. आता वेग वाढवत न्या. एका ठरावीक वेगापुढे बोटं तुमचं ऐकेनाशी होतात आणि आपोआप आरशातल्यासारखी, एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर, हलू लागतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्कॉट केल्सो यांनी हे पद्धतशीर मोजलं आणि १९८५ मध्ये हेर्मान हाकेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याचं गणित मांडलं. मेंदू दोन हातांना दोन स्वतंत्र नोकर म्हणून वागवत नाही. वेग वाढला की तो त्यांना एकत्र जुंपतो. तबलजी वर्षानुवर्षं रियाज करतो तो बऱ्याच अंशी ही जुंपणी सोडवण्यासाठी.

वासुदेव तिच्याशी झगडा करत नाही, ती कामाला लावतो. पाऊल, चिपळी आणि टाळ एकाच चालीला बांधलेले असतात. फरक असलाच तर साधा: पाऊल एकदा पडतं तेवढ्यात चिपळी दोनदा वाजते. हे एकदा अंगात मुरलं की त्याच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही. बाजूला सारलेलं सगळं लक्ष मग गाण्यासाठी मोकळं राहतं: पुढचं कडवं कोणतं, घरातून कोण बाहेर आलं, म्हातारीला कुणाचं नाव घेतलेलं आवडेल. मुलं बापाबरोबर फिरत हे शिकतात. बाप चालतो त्या लयीतच ती चालायला लागतात, वेगळा ताल शिकवायची वेळ येत नाही.

आवाजांची निवडही डोळसपणे झालेली आहे, मग ती कुणी ठरवून केली असो वा पिढ्यांच्या चाळणीतून उरली असो. पुरुषाच्या गाण्यातली बहुतेक ताकद तीन हजार हर्ट्‌झच्या खाली असते. बारीक पितळी चकत्या, टाळ आणि घुंगरू यांची लखलख बरीचशी त्याच्या वर. एक आवाज दुसऱ्याला झाकून टाकतो तो मुख्यतः दोघे एकाच पट्टीत आले की. इथे शब्द खाली आणि धातू वर, त्यामुळे वाद्यं कितीही खणखणली तरी गाण्यातलं नाव ऐकू येतं. ढोल घेतला असता तर तो थेट गळ्याच्या पट्टीत घुसला असता.

ढोल नसण्याला आणखी एक कारण मला पटतं. वासुदेवाची वेळ पहाटेची, आणि थंडीतल्या पहाटे कुकडी-घोड नद्यांच्या खोऱ्यांत दव पडतं. दमट हवेत कातडं सैल पडतं. हलगी वाजवणारे म्हणूनच वाजवण्याआधी ती जाळावर शेकून घेतात. दारोदार फिरणारा माणूस प्रत्येक आळीत जाळ कुठून करणार? लाकूड आणि पितळ यांना दवाची फिकीर नसते. वासुदेवाच्या अंगावर कातडं चढवलेलं एकही वाद्य नाही, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

ज्यांना कातडं हवंच होतं त्यांनी दुसरी युक्ती काढली. वासुदेवाच्याही आधी, अंधारात, एका हातात कंदील घेऊन येणारा पिंगळा दुसऱ्या हातात डमरूच्या जातीचं कुडबुडं धरतो. मधल्या कमरेला बांधलेल्या दोरीच्या गाठी मनगट फिरवलं की दोन्ही तोंडांवर आलटून पालटून आपटतात. दोन कातडी वाजवायला एक मनगट पुरलं आणि कंदिलासाठी एक हात शिल्लक राहिला. गोंधळ्याचा संबळ ही याहून भारदस्त सोय. एक उंच आवाजाचा आणि एक खर्जातला असे दोन ढोल एकत्र जुळवून कमरेला बांधायचे आणि दोन काठ्यांनी वाजवायचे. त्यांतल्या एका काठीचं टोक गोल वळवलेलं असतं. त्यात दोन्ही हात गुंतले, म्हणून गोंधळ्याला तुणतुण्यासाठी साथीदार आलाच. गोंधळ एकट्याने घालता येत नाही, तो घरच्या लग्नकार्यात ठरवून होतो आणि दक्षिणाही त्या मानाने असते.

नंदीबैलवाल्याने तर हातांचा प्रश्न अंगाबाहेर नेऊन सोडवला. त्याच्या गळ्यात दुतोंडी ढोलकं, गुबगुबी. एका तोंडावर काठी घासली की घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज येतो, दुसऱ्यावर ठोका पडतो. दोन्ही हात संपले. घुंगरमाळ आणि घंटा मग बैलाच्या गळ्यात. प्रश्न विचारला की बैल मान हलवतो आणि वाजंत्रीचा उरलेला भाग तो सांभाळतो. साथीदार म्हणून बैलासारखा दुसरा नाही. वाटा मागत नाही, वैरणीवर भागतं आणि होकार-नकार मालकाच्या इशाऱ्यावर देतो. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. जुन्नर तालुक्यात जनावराच्या अंगच्या कलेबद्दल शंका घेणारा मनुष्य विरळाच.

पोतराजाचं गणित अजून वेगळं. त्याच्या कमरेला खणांचा घोळदार वेष, त्यावर घुंगरांची माळ, पायांत चाळ, हातात कोरडा. कोरड्याचा फटकाही वाद्यातच धरायला हवा, कारण त्याच्या आवाजाने गल्ली गोळा होते. ढोलकं असतं ते त्याच्या बायकोकडे, आणि तिच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. डोकं देवीला, हात ढोलक्याला, बहुधा एखादं मूल काखेला. या जोडीत नजर पोतराजाकडे जाते खरी, पण एकाच अंगावर जास्त कामं पेलणारी ती असते.

तारेचं वाद्य एका हातात सामावणं अवघड, तरी तेही झालंय. एकतारीचा दांडा ज्या हाताने धरायचा त्याच हाताच्या तर्जनीने तार छेडता येते. मग दुसरा हात चिपळ्यांना मोकळा. आपल्या संतांच्या चित्रांत आणि मूर्तींत एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळ्या अशी जी ठेवण दिसते तिला वाजवण्याचा पक्का आधार आहे. वीणेची तार सतत एकच आधारस्वर देत राहते, तिला डावी-उजवीकडे काही करायचं नसतं. बंगालचे बाऊल याच कल्पनेत एक पाऊल पुढे गेले. एका हातात एकतारा, कमरेला बांधलेली मातीची डुग्गी दुसऱ्या हाताला, पायांत घुंगरू आणि तोंडात गाणं. वासुदेव आणि बाऊल यांची वाद्यं वेगळी असली तरी दोघांनी अंग एकाच पद्धतीने वाटून दिलेलं आहे, आणि दोघांची उपजीविकाही दारोदारच्या दानावरची.

आता मूळ मुद्दा, पैशाचा.

वासुदेवाला एका दारात मिळतं ते पसाभर धान्य किंवा थोडे पैसे. दोघे आले म्हणून घरातली बाई दुप्पट घालत नाही. झोळीत पडायचं तेवढंच पडतं आणि संध्याकाळी ते दोन पोटांत जातं. पहिलाच जादा साथीदार म्हणजे निम्मं उत्पन्न, आणि प्रत्येक जादा वाद्य म्हणजे थोडंसं वजन. हा सौदा कोणत्या बाजूला झुकणार हे सांगायला अर्थशास्त्र नको. एकट्याने सगळं वाजवणं ही हौस म्हणून आलेली नाही. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम या साऱ्यांनी वासुदेवावर रूपकं रचली, म्हणजे हा फिरस्ता तेव्हाही घरोघरी ओळखीचा होता आणि त्याची जमाखर्चाची रीतही फार निराळी नसावी.

कायद्याने मात्र या चार वाद्यांकडे विचित्र नजरेने पाहिलं. मुंबई राज्याच्या १९५९च्या भीकप्रतिबंधक कायद्यातल्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्यकथन किंवा खेळ करून दाखवणं ही भीक मागण्याची निमित्तं म्हणून मोजलेली आहेत. त्या वाचनानुसार चिपळ्या हे वाद्य राहत नाही, सबब होते. दुसऱ्या बाजूला वासुदेव, गोंधळी, भराडी, जोशी, पांगुळ, नंदीवाले ही नावं राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत, आणि सरकारी सांस्कृतिक सोहळ्यांच्या मिरवणुकांत वासुदेवाची टोपी हमखास पुढे असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हाच कायदा दिल्लीपुरता बऱ्याच अंशी रद्द ठरवला. तबलजीचं मानधन मानधन आणि वासुदेवाचं दान भीक, हा भेद वाद्यांवरून निघत नाही. तो मैफलीला तिकीट असतं आणि दाराला नसतं, एवढ्यावरून निघालेला आहे.

जागरणात पैसे देणारं घर एकच, पण रात्रभराची सुपारी. लग्नानंतर किंवा नवस फेडताना ते घालायचं. आंबेगावात धामणी आणि थापलिंग, जुन्नरमध्ये वडज आणि नळवणे इथली खंडोबाची ठाणी या भागातल्या अनेक घराण्यांची. पौष पौर्णिमेला थापलिंगाच्या यात्रेत माणसांची आणि बैलगाड्यांची एकच झुंबड उडते. जागरणात वाघ्याच्या हातात दिमडी असते, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं, मुरळीच्या हातात घाटी. दिमडी म्हणजे लाकडी कड्यावर एका बाजूने ताणलेलं कातडं, पूर्वी घोरपडीचं असायचं. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली आणि आता बाजारात कृत्रिम पानाच्या दिमड्या मिळतात. दिमडी एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची, म्हणजे दोन्ही हात तिच्यातच गेले. तुणतुण्याचंही तसंच: एका हाताने नळा काखेशी धरायचा, दुसऱ्याने तार छेडायची. म्हणून दर माणशी वाद्य एक आणि गाणं मात्र प्रत्येकाला, अशी ही वाटणी. वाघ्या गाणं म्हणतो, कथा लावतो, विनोद करतो आणि दिमडीही थांबू देत नाही. मुरळी नाचते, तिच्या पायांत चाळ आणि हातात घाटी. रात्रभराच्या सुपारीवर चार-पाच पोटं निघतात, आठ निघत नाहीत, म्हणून वाद्यं मोजकी आणि गळे सगळे.

आणि मग तमाशा. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन फड ठरवतात. पैसे देणारं आता घर नाही, अख्खं गाव आहे, आणि तंबूच्या खेळाला तिकीट लावून येणारे प्रेक्षक. एवढा पैसा एका ठिकाणी जमला की वाद्यं पुन्हा सुटी होतात. ढोलकीवाला वेगळा, हलगीवाला वेगळा, झांज, कडं आणि तुणतुणं वेगवेगळ्या हातांत. प्रत्येकाला एकच वाद्य मिळालं की त्या वाद्याची करामत वाढते. एकट्या वासुदेवाला टाळाचे बोल बदलत बसायला सवड नाही. ढोलकीवाल्याला त्यासाठीच पैसे मिळतात. ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी ही दोन माणसं, दोन वाद्यं आणि पोटाची निश्चिंती असल्याशिवाय जन्माला येत नाही.

फडातही दोन जागी कामं एकत्र राहिली आहेत. झीलकरी मागे उभा राहून तुणतुणं किंवा मंजिरी वाजवतो आणि मुख्य गाणाऱ्याची ओळ वरच्या पट्टीत उचलून धरतो. दुसरी नर्तकी. तिचे चाळ आपण वेषात मोजतो, वाद्यात मोजत नाही, आणि हे चुकतं. ढोलकीने टाकलेला तुकडा ती पायाने परत करते, ते उत्तर वाद्यातूनच येतं. वर चेहऱ्यावर अदाकारी, गळ्यात लावणी. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं ते तमाशा कलावंत म्हणून. त्या नाचत आणि गातही. नारायणगावच्या या बाईचं नाव एकाच वेळी अनेक कामं पेलणाऱ्या कलावंतांच्या यादीत कुणी घेत नाही, कारण ती यादी करणारे अंगाला टांगलेली वाद्यंच मोजत बसतात.

सगळीकडे हिशेब इतका स्वच्छ जुळतो असं मात्र नाही. वारकरी दिंडीतला विणेकरी एकटाच वीणा धरतो, त्याच्याभोवती टाळकऱ्यांची रांग असते, माणसांची टंचाई अजिबात नसते. तिथे मान आणि परंपरा बोलते. राजस्थानातल्या कामड बायकांची तेरह ताली घ्या. उजव्या पायावर बांधलेल्या नऊ मंजिऱ्या, दोन्ही कोपरांपाशी एकेक, आणि दोन्ही हातांत दोरीला बांधलेली एकेक. हातातल्या मंजिऱ्या फिरवून बाकीच्यांवर नेमक्या आपटायच्या, तेही बसून, कधी डोक्यावर भांडं आणि दातांत तलवार धरून. त्या समूहाने बसतात, बाजूला पुरुष गातात-वाजवतात. इथे तेरा वाद्यं एका अंगावर आली ती काटकसरीने आलेली नाहीत. रामदेवबाबांच्या भक्तीतली आणि कसबाची ती श्रीमंती आहे. त्याच राजस्थानात भोपा मात्र अगदी आपल्या वासुदेवाच्या जातीचा. रावणहत्थ्याच्या गजालाच तो घुंगरू बांधतो. गज तारेवर सूर काढतो आणि दर झटक्याला घुंगरू ताल धरतात. एका हालचालीत सूर आणि ताल दोन्ही, इतकी टोकाची काटकसर मला दुसरीकडे आढळलेली नाही.

अमेरिकेतल्या जेसी फुलरची (१८९६–१९७६) कथा आपल्याकडच्या कुणाही फिरस्त्याला पटेल. भरवशाचे साथीदार मिळेनात म्हणून त्याने १९५०च्या सुमाराला पायाने वाजवायचं एक वाद्यच बनवलं. उभ्या पेटीत पियानोच्या सहा तारा, आणि पायाखालच्या पट्ट्या दाबल्या की आतल्या हातोड्या त्या तारांवर पडायच्या. त्यातून खर्ज मिळाला. दुसऱ्या पायाला झांजा, हातांत बारा तारांची गिटार, मानेभोवतीच्या तारेच्या चौकटीत तोंडाचा बाजा. तोंड मोकळं झालं की गाणं.

पायाला काम लावलं की हात सुटतो, ही गोष्ट आपल्याकडच्या पेटीने उलट्या दिशेने अनुभवली. संगीत नाटकांत ऑर्गन आणि पायपेटी असे, भाता पायाने चालवायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्यासाठी हातपेटी रूढ केली. बैठक मिळाली, पण एक हात कायमचा भात्याला गेला.

पायाच्या या कामाने सर्वांत मोठी उलथापालथ केली ती ड्रमसेटमध्ये. त्याला कुणी एकट्याचा ताफा म्हणत नाही, इतका तो सगळीकडे झाला आहे. बँडमध्ये मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांजा वाजवणारी माणसं वेगवेगळी असत. अमेरिकेतल्या नाट्यगृहांत रंगमंचापुढच्या खड्ड्यात त्यांना जागा नव्हती, मालकाला तिघांचा पगार नको होता. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी मोठ्या ढोलासाठी झटपट परतणारं पेडल आणलं आणि तीन माणसांचं काम एका माणसाच्या दोन हातांत आणि एका पायात आलं. सोय कलावंताची झाली, बचत मालकाची.

गावाकडे त्याच चालीची पुढची पायरी आली ती ऑक्टोपॅडच्या रूपाने. रोलँड या जपानी कंपनीने १९८०च्या दशकात आणलेल्या या यंत्रावर आठ रबरी चौकोन असतात. दोन काठ्यांनी वाजवायचे आणि प्रत्येकात हवा तो आवाज भरायचा. एकात संबळ, एकात हलगी, एकात घुंगरू. लग्नाच्या वरातीत, यात्रेच्या ऑर्केस्ट्रात आणि आता जागरण-गोंधळाच्या पार्ट्यांतही तो शिरला आहे. वाघ्या दिमडी अजून हातात धरतो, कारण चौक मांडून तळी भरताना ती नसली तर यजमानांना चालत नाही. पण मंडपाच्या टोकाला बसलेल्यांना कर्ण्यातून ऐकू येणारा संबळ बऱ्याचदा यंत्रातला असतो. वासुदेवाने एका अंगावर चार वाद्यं चढवली तेव्हा चारही वाद्यं खरी होती आणि बचत त्याची स्वतःची होती. ऑक्टोपॅडवाला बसल्या जागी आठ वाद्यं वाजवतो, त्यातून वाचलेले पैसे मात्र सुपारी देणाऱ्याच्या खिशात राहतात, आणि संबळवाला घरी.